कडेचा माणूस

जॅनिस दारात उभी, ओला कोट अंगातच.
"बाबांचा एखादा फोटो असेल का तुमच्याकडे?
शुक्रवारी चर्चमध्ये लावायला.
आमच्या घरातले सगळे त्यांनीच काढलेले,
त्यामुळे ते कुठेच नाहीत."

बघते, म्हटलं.
बिंगलीत एकोणतीस वर्षं एका भिंतीचा शेजार,
क्लिफर्डचा एक फोटो नसेल?

नव्हता.

मृण्मयीचे वाढदिवस होते,
केकवर तिचं नाव बेकरीने दर वर्षी नव्याने चुकवलेलं.
बर्फाचा माणूस होता, गाजर संपलं म्हणून मुळ्याच्या नाकाचा.
यांचा कालव्याकाठचा, त्या पाच पायऱ्यांच्या लॉकपाशी.
हे त्याला कायम कुलूपच म्हणायचे,
"चल, कुलपांपर्यंत जाऊन येऊ".
मागे बोट अर्धी वर चढलेली
आणि यांचे हात कमरेवर,
जणू पाणी यांनीच भरलं.
माझा भाऊ आला होता त्या वेळचा रोल,
छत्तीसपैकी एकतीस मेंढ्या.

मग रात्री चष्मा बदलला
आणि फोटोंच्या कडा बघायला लागले.

मृण्मयीच्या पहिल्या सायकलीमागे
कुंपणावरून डोकावणारी चौकटीची टोपी.
ओजसच्या शाळेच्या पहिल्या दिवशी, डाव्या बाजूला,
दुमडलेली बाही, एक कोपर,
कोपराखाली लीकच्या जुडीचे हिरवे शेंडे.
एका फोटोत ढकलगाडीचं फक्त चाक.
एकात सावली, तीही आमच्या डब्यांवर पडलेली.

पाडव्याचा एक आहे.
गुढीची काठी त्याच्याच घेवड्याच्या वेलाची,
दर वर्षी मागून आणायची, दर वर्षी परत.
कडुनिंब कुठून आणणार, तेजपत्त्याची डहाळी बांधलेली.
मागे तो शिडीवर, पन्हळातली पानं काढत,
मान जरा वळलेली,
आमच्या उपड्या तांब्याकडे
बघावं की न बघावं अशा बेतात.

आणि यांच्या शेवटच्या उन्हाळ्यातला.
बागेत खुर्ची, मांडीवर शाल.
इतकी वर्षं त्या फोटोत मी यांचं तोंडच बघत आले.
गवत कापलेलं आहे,
हे काल दिसलं.
कुणी कापलं, तेव्हा विचारलंही नसेन मी.
उजव्या कडेला यंत्राचा दांडा,
दांड्यावर दोन हात.

अकरा निघाले एकूण.
ओजस लीड्सहून फोनवर म्हणाला, "आई, स्कॅन करून मोठे कर."
केले. पण मोठा करत गेलं की माणूस
रव्यासारखा सुटा होत जातो.

जॅनिसने ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडले.
कोपरावर बोट ठेवून म्हणाली, "हे त्यांचंच."
चहा तसाच राहिला.
मग तिने पिशवीतून बिस्किटांचा डबा काढला.

त्यात ऑगस्टचं माळरान, हेदरने जांभळं झालेलं,
एकाच जागेवरून, सतरा वर्षांचं.
गोठलेला कालवा. गिरणीची चिमणी, धुक्यात अर्धी.
आणि लीक, फूटपट्टीसकट, राजपुत्रासारखे झोपवलेले.
त्या लीकमागे, कुंपणापलीकडे,
दोरीवर चादर, चादरीशेजारी मी.
केस मोकळे, तोंड उघडं.
गात असणार.
घरी कुणी नसताना मी गायचे,
हे यांनासुद्धा माहीत नव्हतं.

मागे पेन्सिलीने: लीक, सप्टेंबर, पहिलं बक्षीस.
बाकी काही नाही.
तो मी मागून घेतला.

शुक्रवारी चर्चमध्ये तिने पाडव्याचाच लावला,
कापून वगैरे नाही, अख्खा.
लोक वाकून बघत होते:
पुढे जरीची साडी, तांबे, साखरेची माळ,
मागे लहानसा क्लिफर्ड.
कुणीतरी विचारलं, हे काय आहे?
मी सांगणार, तेवढ्यात जॅनिस म्हणाली,
"घेवड्याची काठी.
बाबांची आहे."